कोळशाच्या करातून कोळशाला निरोप

युरोपात एक संशोधन निधी आहे. दगडी कोळशाशिवाय पोलाद कसं बनवायचं, बंद पडणाऱ्या खाणींचं आणि त्यांच्या आधाराने जगणाऱ्या गावांचं पुढे काय करायचं, याचा शोध घेणाऱ्यांना तो पैसे देतो. २०२१ मध्ये नियम बदलल्यापासून वर्षाला ११ कोटी १० लाख युरो! सरकारी निधी असतातच, त्यात नवल काय? नवल पैसा कुठून आला यात आहे. याची मूळ पुंजी साठली ती कोळसा आणि पोलादाच्या प्रत्येक टनामागे वसूल केलेल्या करातून. कोळसा विकून जमवलेला पैसा आज कोळशाला निरोप द्यायला वापरला जातोय.

आणखी गंमत म्हणजे, ज्या कराराने हा कर लावला तो करारच आज अस्तित्वात नाही. तो २००२ मध्ये संपला. कोणी मोडला नाही, कोणी रद्द केला नाही. आपण पन्नास वर्षांनी संपणार हे त्याने स्वतःच पहिल्या दिवशी लिहून ठेवलं होतं.

पण मला सर्वांत थक्क करते ती तिसरी गोष्ट. या पैशाचे नियम ठरवताना कोणाला विचारायचं? शास्त्रज्ञांना, अर्थमंत्र्यांना, हे आपण चटकन म्हणू. इथे मात्र कारखान्याचा मालक आणि कामगारांची युनियन या दोघांना विचारायचं, हे कागदावर सत्तर वर्षांपूर्वी उतरलं होतं. एरवी वाटाघाटीच्या टेबलाच्या दोन बाजूंना बसणारे हे लोक भट्टीतल्या रसायनशास्त्रावर एकत्र सल्ला कसा द्यायला लागले? त्यासाठी थोडं मागे जाऊ.

९ मे १९५०. महायुद्ध संपून जेमतेम पाच वर्षं झालेली. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी पॅरिसमध्ये एक निवेदन वाचलं. फ्रान्स आणि जर्मनीचं सगळं कोळसा आणि पोलादाचं उत्पादन एका सामाईक वरिष्ठ मंडळाच्या हाती द्यावं आणि इतर देशांनाही त्यात येऊ द्यावं, असा तो प्रस्ताव होता. कल्पनेमागे डोकं होतं ज्याँ मोने यांचं. रणगाडे आणि तोफा पोलादाच्या, पोलाद कोळशावर; मग दोन्ही गोष्टी एकत्रच चालवल्या तर एकमेकांविरुद्ध युद्धाची तयारी करणार कशी? १८ एप्रिल १९५१ ला सहा देशांनी पॅरिसमध्ये सह्या केल्या: फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग. पुढच्या वर्षी जुलैमध्ये करार लागू झाला आणि ‘युरोपीय कोळसा आणि पोलाद समुदाय’ जन्माला आला. आजच्या युरोपीय संघाचा हा पूर्वज.

या कराराचं अठरावं कलम वाचताना मी थबकलो. त्यात एक सल्लागार समिती नेमली आहे. सदस्य कमीत कमी तीस, जास्तीत जास्त एक्कावन्न. त्यात उत्पादक, कामगार, आणि वापरणारे व व्यापारी या तिघांची संख्या समसमान. म्हणजे एक तृतीयांश खुर्च्या कामगारांच्या, आणि तेही करारातच लिहून! इथेच थांबत नाही. संघटनांनी जितक्या जागा असतील त्याच्या दुप्पट नावांची यादी द्यायची आणि सदस्य देशांच्या मंत्रिपरिषदेने त्यातून निवड करायची. एकदा निवड झाली की सदस्य आपल्या संघटनेच्या आदेशाला बांधील नाही. तो तिथे स्वतःच्या बुद्धीने बोलायला बसलाय. युनियनने पाठवलेला माणूस युनियनचा निरोप्या नव्हे आणि मालकांनी पाठवलेला मालकांचा पोपट नव्हे. किती विचार केला असेल हे लिहिणाऱ्यांनी!

खुद्द वरिष्ठ मंडळातही तीच दृष्टी दिसते. नऊ सदस्यांपैकी आठ सरकारांनी नेमायचे आणि नववा त्या आठांनी मिळून निवडायचा. त्यांनी कोणाला निवडलं? बेल्जियमचे कामगार पुढारी पॉल फिने यांना. धातुकामगारांच्या चळवळीतून वर आलेला हा माणूस १९५८ मध्ये त्याच मंडळाचा अध्यक्ष झाला. पुढे १९६५ मध्ये त्यांच्या नावाने एक प्रतिष्ठान निघालं. खाणीत किंवा पोलाद कारखान्यात अपघाताने अथवा व्यवसायजन्य आजाराने दगावलेल्या कामगारांच्या मुलांना ते शिक्षणासाठी मदत करी.

आता पैशाकडे वळू. या समुदायाला सहा सरकारांपुढे हात पसरावे लागत नव्हते. कोळसा आणि पोलादाच्या उत्पादनावर थेट कर बसवण्याचा अधिकार त्याच्याकडे होता. म्हणजे खराखुरा युरोपीय कर! मर्यादा एक टक्क्याची. त्यापुढे जायचं तर मंत्रिपरिषदेची दोन तृतीयांश बहुमताने परवानगी. १९५३ च्या जानेवारीत सुरुवात ०.३ टक्क्याने झाली आणि त्याच वर्षी दर ०.९ टक्क्यांवर गेला. ऐकायला अगदी क्षुल्लक, नाही का? पण ज्या काळात अख्खा युरोप कोळशावर तापत होता आणि पोलादाने पुन्हा उभा राहत होता, त्या काळातला हा एक टक्का होता.

त्या पैशातून काय करायचं, हेही करारात आहे. पंचावन्नावं कलम संशोधनाचं. कोळसा आणि पोलादाचं उत्पादन कसं सुधारावं, वापर कसा वाढावा आणि या उद्योगांत कामगार सुरक्षित कसे राहतील, या तिन्हींवर संशोधन व्हावं, आणि कराचा पैसा त्याला देण्याआधी सल्लागार समितीला विचारावं. तंत्रज्ञानाच्या बरोबरीने त्याच वाक्यात कामगाराची सुरक्षा! त्याच्या पुढचंच छप्पन्नावं कलम नोकरी गेलेल्यांसाठी: नवं काम मिळेपर्यंत आधार, नवं कौशल्य शिकण्याचा खर्च, दुसरीकडे राहायला जायचं तर तोही खर्च. हरित स्थित्यंतरात कामगारांचं काय, हा प्रश्न आज सगळीकडे विचारला जातो. त्याचं एक उत्तर १९५१ मध्येच छापून तयार होतं.

ही कलमं नुसती कागदावर राहिली का? त्यासाठी बेल्जियममधल्या शार्लरुआजवळच्या मार्सिनेल गावी जावं लागेल.

८ ऑगस्ट १९५६ ची सकाळ. बुआ द्यु काझिए नावाची कोळसा खाण. जमिनीखाली ९७५ मीटरवर कोळशाने भरलेली एक छोटी वाघीण खाणीत वर-खाली जाणाऱ्या पाळण्यात चढवली जात होती. वाघीण पूर्ण आत गेली नव्हती, तिचा काही भाग बाहेर राहिला होता. वरच्या आणि खालच्या माणसांमध्ये इशाऱ्याचा घोटाळा झाला आणि पाळणा वर निघाला. बाहेर आलेली वाघीण एका तुळईला धडकली. तिथून तेलाची नळी जात होती, शेजारी विजेच्या दोन तारा आणि दाबाखालच्या हवेची नळी. सगळं एकदम तुटलं. तेल, ठिणगी आणि वारा. आग लागायला अजून काय लागतं? खाली २७५ माणसं होती, त्यांतली २६२ मेली. त्यांत १३६ इटालियन होते, कामासाठी बेल्जियमला आलेले.

इशाऱ्याचा एक घोटाळा आणि शेजारीशेजारी गेलेल्या नळ्या-तारा. अशी मांडणी किती धोक्याची, हे रोज खाली उतरणाऱ्या माणसाइतकं कोणाला कळणार? या दुर्घटनेनंतर वरिष्ठ मंडळाने खाण सुरक्षेवर परिषद बोलावली आणि १९५७ मध्ये त्यासाठी एक कायमची संस्था उभी राहिली. तिच्या टेबलाभोवती सरकार, मालक आणि कामगार, तिघांचेही लोक. कोळशाची धूळ, फुप्फुसात साठणारा सिलिका, खाणीतला वायू, आग यांवरच्या संशोधनाला पैसे मिळत गेले. सुरक्षेच्या या टेबलावर खाली उतरणाऱ्यांचाही आवाज होता, असं मी म्हटलं तर ते फार चुकीचं ठरणार नाही.

मग आला २३ जुलै २००२. करार पन्नास वर्षांचा झाला आणि ठरल्याप्रमाणे संपला. ब्रसेल्समध्ये समुदायाचा झेंडा शेवटचा उतरवला गेला आणि त्या जागी युरोपीय संघाचा झेंडा चढला. कर त्याआधीच, १९९८ पासून, शून्यावर आणला होता. पण तिजोरी रिकामी नव्हती! सुमारे १६० कोटी युरोंची पुंजी शिल्लक होती. आता हिचं काय करायचं? पंधरा सदस्य देशांनी वाटून घ्यायची? तसं झालं नाही. ही रक्कम कोळसा आणि पोलादाशी निगडित संशोधनासाठीच राहील असं ठरलं. ‘कोळसा आणि पोलाद संशोधन निधी’ असं तिचं नाव पडलं. आजोबांनी नातवंडांच्या शिक्षणासाठी मुदत ठेव करून ठेवावी आणि मुद्दलाला हात लावू नका असं बजावून जावं, तसाच हा प्रकार. फक्त व्याज खर्च करायचं, त्यातले ७२.८ टक्के पोलादाला, २७.२ टक्के कोळशाला. २००४ मध्ये पोलंडसारखे कोळसा-पोलादाचे देश संघात आले, तेव्हा त्यांनीही आपापल्या उत्पादनाच्या हिशेबाने या पुंजीत भर घातली.

आणि ती सल्लागार समिती? तिची परंपरा दोन वाटांनी पुढे गेली. एक वाट युरोपीय आर्थिक आणि सामाजिक समितीकडे गेली. औद्योगिक बदलांवर सल्ला देणारी शाखा तिथे निघाली आणि त्या समितीच्या सदस्यांबरोबर उद्योगांतले नि कामगार संघटनांतले बाहेरचे प्रतिनिधीही तीत बसू लागले. दुसरी वाट निधीच्याच नियमांत शिरली. कोळशासाठी एक आणि पोलादासाठी एक असे दोन सल्लागार गट तयार झाले. कुठल्या विषयावर प्रस्ताव मागवायचे, कशाला प्राधान्य द्यायचं, यावर युरोपीय आयोगाला हे गट सल्ला देतात. सल्ला बंधनकारक नसतो. पण पुढच्या वर्षी कोणत्या प्रश्नांना पैसे मिळणार, त्याचा पहिला मसुदा अशाच बैठकांतून आकार घेतो.

इथे एक आकडा सांगायलाच हवा. २००८ च्या नियमांतल्या पोलाद गटाचा तक्ता पाहा: एकूण जागा तीस. पोलाद कंपन्या, त्यांचे राष्ट्रीय महासंघ आणि संशोधन केंद्रं यांना एकवीस. उत्पादकांच्या युरोपीय संघटनेला दोन. पोलाद वापरणाऱ्यांना पाच. आणि कामगार संघटनांना दोन! कुठे मूळ करारातला एक तृतीयांश आणि कुठे हा पंधरावा हिस्सा. तांत्रिक गट आहे, त्यात तंत्रज्ञ जास्त हवेत, हे मला मान्य आहे. पण भट्टीची उष्णता रोज अंगावर घेणारा माणूस तंत्रज्ञ नाही असं आपण समजतो, तिथेच आपण चुकतो.

व्याजावर चालणाऱ्या गोष्टीचं एक दुखणं असतं, व्याजदर पडले की ती सुकते. २००८ च्या आर्थिक संकटानंतर युरोपातले दर पडत पडत शून्याला टेकले आणि निधीची वार्षिक रक्कम आटली. नेमक्या त्याच वेळी पोलाद उद्योगाला इतिहासातली सर्वांत मोठी उडी मारायची होती. कोणती उडी?

त्यासाठी झोतभट्टीत डोकावू. लोखंडाचं खनिज म्हणजे लोह आणि प्राणवायू यांची घट्ट मिठी. ती सोडवली की लोखंड मिळतं. शेकडो वर्षं हे काम कार्बनने केलं. कोळसा भाजून केलेला कोक भट्टीत जळतो, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, तो खनिजातला प्राणवायू ओढून घेतो आणि स्वतः कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. शिवाय कोक उष्णता देतो आणि वरून येणारं टनावारी खनिज तोलूनही धरतो. एकाच वस्तूची तीन कामं, म्हणूनच तिला पर्याय शोधणं इतकं अवघड! हिशेब असा, की एक टन पोलादामागे साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड. आता कार्बनच्या जागी हायड्रोजन घाला. तोही प्राणवायू ओढून घेतो, पण ओढून घेतल्यावर काय तयार होतं? पाणी. वाफ! चिमणीतून धुराऐवजी वाफ बाहेर यावी, इतका हा बदल मुळातला आहे. अर्थात त्यासाठी झोतभट्टीच बदलावी लागते. खनिज न वितळवताच त्यातला प्राणवायू काढायचा आणि मग ते विजेच्या भट्टीत वितळवायचं.

एवढ्या मोठ्या बदलापुढे नुसत्या व्याजाचं काही चालणारं नव्हतं. म्हणून २०२१ च्या जून-जुलैमध्ये मंत्रिपरिषदेने नियम बदलले. जे वीस वर्षं केलं नव्हतं ते केलं: मुद्दलाचा काही भाग विकायला परवानगी दिली. २०२७ पर्यंत दरवर्षी ११ कोटी १० लाख युरो. त्यातले सुमारे ४ कोटी नेहमीच्या प्रकल्पांना, आणि ७ कोटी १० लाखांपर्यंतची रक्कम पोलादनिर्मितीच्या अगदी नव्या वाटांना आणि कोळसा प्रदेशांच्या बदलाला.

माझ्या मते या नियमांतली खरी जादू उद्दिष्टांच्या यादीत आहे. जुनी यादी समोर ठेवा: युरोपीय कोळशाची स्पर्धाशक्ती वाढवणं, खाणीतली सुरक्षा, कोळशाचा स्वच्छ वापर, ऊर्जेसाठी बाहेरच्यांवर अवलंबून न राहणं. आता नवी यादी घ्या: कोळसा क्षेत्राचं आणि त्या प्रदेशांचं न्याय्य संक्रमण, आरोग्य आणि सुरक्षा, बंद होत जाणाऱ्या खाणींचे पर्यावरणावरचे परिणाम कमी करणं. कोळसा खपवायची भाषा गेली. टिकली ती एकच ओळ, कामगाराच्या आरोग्याची आणि सुरक्षेची. मार्सिनेलची ओळ! पोलादाच्या यादीतही एक नवं कलम आलं, मनुष्यबळ आणि कामाची परिस्थिती यांचं. नव्या, जवळजवळ शून्य कार्बनच्या भट्ट्या चालवायला कामगारांनी काय शिकावं, त्यांना ते कसं शिकवावं, हासुद्धा आता पोलाद संशोधनाचा अधिकृत विषय आहे. रसायनशास्त्राइतकाच.

या संशोधनाचा पैसा प्रत्यक्षात कुठे पोहोचतो? नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर आयमाउडेन नावाचं बंदर आहे. तिथला प्रचंड पोलाद कारखाना २००७ पासून टाटांचा आहे. त्याच्या आवारात हिसार्ना नावाची प्रायोगिक भट्टी उभी राहिली आणि २०११ मध्ये तिच्या चाचण्या सुरू झाल्या. या निधीचा पैसा तिच्यात आहे. भट्टीच्या वरच्या भागात खनिजाची भुकटी तापलेल्या भोवऱ्यात गरगर फिरत वितळते, थेंबाथेंबाने खाली पडते आणि खालच्या रसात कोळशाची भुकटी तिचं लोखंड करते. कोक भाजणं नको, खनिजाचे गठ्ठे भाजणं नको. दोन सर्वांत धुरकट टप्पे गायब, आणि कार्बन सुमारे वीस टक्क्यांनी कमी.

पण आयमाउडेनची खरी नवलाई त्यानंतर घडली. कंपनीचा बेत होता भट्ट्यांतला कार्बन डायऑक्साइड पकडून उत्तर समुद्राच्या तळाखाली साठवायचा. २०२० च्या उन्हाळ्यात नोकरकपातीवरून तिथे काही आठवडे संप झाला. तो मिटल्यावर एफएनव्ही या कामगार संघटनेने काय करावं? पगारवाढीची पुढची मागणी? तिने हायड्रोजनवर पोलाद बनवण्याचा आराखडा मांडला! कार्बन जमिनीखाली पुरत बसलात तर जुन्या भट्ट्या आणखी काही वर्षं चालतील आणि मग कारखानाच मागे पडेल, असं तिचं म्हणणं होतं. मग कंपनी आणि युनियन दोघांनी मिळून रोलँड बर्गर या सल्लागार संस्थेकडून अभ्यास करून घेतला. हायड्रोजनची वाट शक्य आहे, असं त्यातून निघालं. १५ सप्टेंबर २०२१ ला कंपनीने आपला रस्ता बदलल्याचं जाहीर केलं. कोट्यवधी युरोंच्या कारखान्याचं तंत्रज्ञान कोणतं असावं, या निर्णयात युनियनचा आराखडा निर्णायक ठरावा, याला तोड नाही.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याच कारखान्यात सुमारे १६०० पदं कमी करण्याची घोषणा झाली. एकत्र बसल्याने पोलादाच्या बाजारातली मंदी हटत नाही. पण कोणत्या भट्टीवर किती माणसं लागतील, कोणाला नवं काम शिकवता येईल, हे प्रश्न तंत्र निवडतानाच टेबलावर आले होते. ते बंद दाराच्या नोटिशीवर पहिल्यांदा वाचायची पाळी आली नाही.

हे सगळं आपल्यापासून फार दूर नाही. १ जानेवारी २०२६ पासून युरोपात जाणाऱ्या पोलादामागच्या कार्बनचा हिशेब पैशात चुकवावा लागतो, भारतातल्या पोलादालाही. आपल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनची तरतूद १९,७४४ कोटी रुपयांची आहे आणि त्यातले ४५५ कोटी पोलादातल्या प्रायोगिक प्रकल्पांसाठी राखलेले आहेत. अशा निधीचे नियम, समित्या आणि प्रस्ताव मागवण्याच्या सूचना जाहीर होतात तेव्हा सरकारी संकेतस्थळांवर त्या कोणालाही वाचता येतात. पुढच्या वेळी अशी सूचना दिसली की रकमेच्या आकड्यावर थांबू नका. समितीच्या सदस्यांची यादी उघडा आणि त्यात भट्टीवर काम करणाऱ्यांच्या किती खुर्च्या आहेत, त्या मोजा.